कावळकड्यावरची पानं

प्रिय सेव्हरिन,

फोनवर बाबांचं नाव काढलं की तुझ्याकडची रेंज जाते. स्वीडनच्या त्या सपाट मुलखात रेंज अडवायला साधी टेकडीसुद्धा नाही असं तूच सांगितलं होतंस, पण जाऊ दे. म्हणून पत्र लिहितेय. पत्र मधेच बंद करता येत नाही. फार तर टेबलावर आपटशील, तोंड फुगवून बसशील आणि मग वाचशील, मी काय तुला ओळखत नाही? ऑगस्टमध्ये तू बॅग भरून गेलास, तेव्हापासून तू आणि बाबा एकमेकांशी एक अक्षर बोललेला नाहीत. तेव्हा मी ठरवलं होतं, बापलेकांच्या भांडणात पडायचं नाही. दोघंही एक नंबरचे हट्टी, दमले की येतील ताळ्यावर. पण आता तसं थांबून चालणार नाही. का ते सांगते, पण मला माझ्या चालीनं सांगू दे. एकदम मुद्द्याला हात घालायला गेले की पेन पुढे सरकत नाही.

आधी घरचं सांगते. द्राक्षांची काढणी कधीच उरकली. सप्टेंबर अर्धा सरायच्या आतच उरकली. माथेसनं आपली माणसं पाठवली, स्वतःही आला, आणि दिवसभर "हेडविग, तुझ्या पोराला कळव, असला शेजारी स्वीडनमध्ये मिळायचा नाही" असं ऐकवत राहिला. मजुरी म्हणून फक्त जेवला. आता त्याचं जेवण म्हणजे तुला ठाऊकच आहे, मजुरी दिली असती तर स्वस्तात सुटले असते. सगळे अर्ध्या बाह्यांचे सदरे घालून घामानं निथळत होते, आणि बाबा आले ते लोकरीची बंडी, वर तो जाडा कोट आणि कान झाकणारी टोपी अशा थाटात. पूर्वी ऑक्टोबरच्या अखेरीला धुक्यात काढणी चालायची ना, तेव्हाचा तो पोशाख. माथेस म्हणाला, "आलोइस, अस्वल मारायला निघालास की काय?" सगळे हसले. बाबाही हसले आणि म्हणाले, "हसा लेको. बोटं आखडली की माझ्याकडेच याल हातमोजे मागायला." मला वाटलं, गंमत करताहेत. मीही हसले.

आपल्या कावळकड्याच्या उतारावरचं म्हणशील, तर तिथले निम्म्याहून जास्त घड आम्ही कापून खाली टाकले. मणी करपून चामड्यासारखे झाले होते, चिमटीत धरले तर रस नाही, नुसतं साल. जे वाचलं ते पिंपात आहे, अजून फसफसतंय. परवा थोडी वाइन चाखून बघितली. वाईट आहे असं नाही रे. पण जाड आहे, तोंडात येऊन बसते आणि उठायचं नाव घेत नाही. घोट गिळल्यावर मागे जो दगडाचा गारवा राहायचा, ओली पाटी चाटल्यासारखा, तो कुठेच नाही. माथेस म्हणाला, "स्पेनची म्हणून विकून टाक, कुणाला पत्ता लागणार नाही." मग तोच ओशाळला आणि उगाच पिंपाची तोटी पुसत बसला.

मी लग्न होऊन वरच्या पठारावरून इथं नदीकाठी आले तेव्हा मला ह्यातलं काही म्हणजे काही कळत नव्हतं. आमच्या माहेरी गाई आणि बटाटे. तुझ्या आजोबांनी पहिल्याच जेवणाला माझ्यापुढे पेला ठेवला. मी एक घोट घेतला आणि माझा चेहरा असा काही झाला की सासूबाई पाणी आणायला उठल्या. बाबा टेबलाखालून माझा हात धरून हळूच म्हणाले, "भिऊ नकोस. ह्या सालची प्यायला तीन माणसं लागतात. एक पिणारा आणि दोघं त्याला धरून ठेवणारे." ऊन म्हणजे तेव्हा इथं चैनीची वस्तू होती. उन्हाळा यायचा आणि नुसताच भिजून जायचा. सगळी धडपड काय ती चार किरणं जास्तीची मिळवायची. बाबांनीच मला एकेक समजावून सांगितलं. कडा इतका उभा का, तर तिरपं येणारं ऊन त्याच्यावर सरळ पडावं. पायथ्याशी नदी का, तर पाण्यावरून उसळलेलं ऊनही वेलींना मिळावं. आणि तो निळा पाटीचा दगड, फुटक्या कौलांसारखा जिकडेतिकडे पसरलेला, तो दिवसभर तापतो आणि अंधार पडला तरी वेलींच्या पायाशी ऊब धरून राहतो. पावसानं ते दगड खाली वाहून आले की आम्ही पाठीवर टोपल्या घेऊन ते परत वर नेऊन टाकायचो. माझी आई कपाळाला हात लावायची, म्हणायची, शेतातले दगड लोक बाहेर काढतात, तुझी सासरची मंडळी आत नेऊन टाकतात.

आणि जुलै लागला की पानं काढायची. घडांवरची, मावळतीच्या बाजूची, म्हणजे दुपारचं ऊन थेट मण्यांवर पडेल आणि ते वेळेत पिकतील. त्या कामात बाबांचा हात धरणारं अख्ख्या गावात कुणी नव्हतं. डाव्या हातानं काडी अलगद बाजूला करायची, उजव्या अंगठ्यानं देठ मोडायचा, घडाला धक्कासुद्धा लागत नसे. मी बघत राहायचे. इथल्या माणसांनी पिढ्यान् पिढ्या हे एकच काम केलं बघ, ऊन गोळा करायचं. ते जास्त झालं तर त्याचं काय करायचं हे कुणी कुणाला शिकवलं नाही, कारण तशी वेळच कधी आली नव्हती.

तू कॉलेज करून आलास आणि सगळं उलटं सुरू केलंस. पानं ठेवायची, काढणी लवकर करायची, ओळींमध्ये गवत वाढू द्यायचं. कड्याच्या मागची उत्तरेकडची पट्टी तू खंडानं घेतलीस. आजोबांनी तिथं बटाटेसुद्धा नाइलाजानं लावले होते. तेव्हा बाबांनी चर्चच्या दारात उभं राहून सगळ्या गावाला सांगितलं, "आमचे चिरंजीव सावलीची शेती करणार आहेत. पुढच्या वर्षी तळघरात वेली लावतील." तू आठवडाभर धुमसत होतास. पण तुला एक माहीत नाही. संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून ते निघायचे ते सरळ त्या पट्टीवर जायचे, आणि कुठलं रोप तहानलंय ते मला येऊन सांगायचे, म्हणजे मी तुला सांगावं. आणि त्या पट्टीची पहिली वाइन झाली, ती पातळ, आंबट, गार, तेव्हा पेला खाली ठेवून ते म्हणाले, "हेडविग, ही माझ्या बापाच्या कड्यासारखी लागते." तुला सांगायची मला सक्त मनाई होती. "डोक्यावर बसेल" म्हणाले. आता सांगून टाकते, आता मनाई करणारं कोण आहे?

मग हा जुलै आला. त्याबद्दल लिहिणं मला जड जातंय, पण माझ्या बाजूनं कसं दिसलं ते तू कधी ऐकून घेतलंच नाहीस. तू कामासाठी ट्रीअर शहरात गेला होतास. रेडिओ सकाळपासून बोंबलत होता की पारा चाळिशीला जाणार. जाताना तू दारातून ओरडलास, "बाबा, कावळकड्यावर एका पानाला हात लावायचा नाही," आणि ते म्हणाले, "मी काय काल जन्मलोय?" तू परत आलास तेव्हा कड्याची मावळतीची सगळी बाजू सोललेली होती. पानं दगडांवर पडून पापडासारखी वाजत होती आणि घड उघडे पडले होते. मण्यांत अजून पाणीही उतरलं नव्हतं, कोवळे हिरवे, आणि दोन दुपारींत भाजून निघाले. माथेसनं त्याच्या बांधावरून बाबांना तिथं बघितलं होतं. तरी तू विचारलंस तेव्हा बाबांनी तुझ्या डोळ्यांत बघून सांगितलं, "मी तिकडे पाऊलसुद्धा टाकलेलं नाही." वर तुलाच सुनावलं, "असल्या उन्हात पानं काढायची अक्कल कुठल्या कॉलेजात शिकवतात? कुणा मजुराला काहीतरी सांगून गेला असशील, आणि आता माझ्या माथी मारतोस." माथेस मान खाली घालून निघून गेला.

बॅग भरताना तू मला म्हणालास, "पानं गेली त्याचं काही नाही, आई. एक वर्ष वाया जातं, दुसरं येतं. पण ते माझ्या तोंडावर खोटं बोलले." ज्या माणसानं पिंपांवरची खूण पुसली गेली, कुठल्या उताराची ते नक्की राहिलं नाही म्हणून चांगली भरलेली पिंपं कड्याच्या नावानं विकायला नकार दिला, साधी वाइन म्हणून मातीमोल भावानं घालवली, तो असा कसा बोलला? मला वाटलं, लाज. म्हातारपणी चूक कबूल करणं कठीण जातं. मीही त्यांच्यावर रागावले होते. सूप पुढे ठेवायचे आणि पाठ फिरवायचे. ते बिचारे विचारायचे, "काय झालंय ह्या घराला?" आणि मला वाटायचं, काय नाटकी माणूस आहे.

काढणी होऊन गेल्यावर एके दुपारी ते घरात दिसेनात. तळघरात नाहीत, माथेसकडे नाहीत. शेवटी गुडघ्यांना शिव्या देत मी कड्यावर चढले. ते अर्ध्या उंचीवर, पाय दगडात रोवून उभे होते आणि पानं काढत होते. मावळतीच्या बाजूची. डाव्या हातानं काडी बाजूला, उजव्या अंगठ्यानं देठ, तसंच सफाईनं, चाळीस वर्षांपूर्वी बघितलं होतं अगदी तसंच. वेलींवर एकही घड नव्हता, सेव्हरिन. आम्हीच सगळे काढून नेले होते. मी म्हटलं, "आलोइस, काय करतोयस?" माझ्याकडे न बघता म्हणाले, "घडांना ऊन मिळू दे जरा. हा उन्हाळा काही धड दिसत नाही." आणि मग एक रिकामी काडी अशी जपून बाजूला केली, जणू तिला भरलेला घड लागलाय.

मी तिथंच दगडावर बसले. उन्हात अंग भाजत होतं आणि मला थंडी वाजत होती. म्हणजे जुलैतही असंच झालं होतं. त्यांनी तुझं ऐकलं नाही असं नव्हतं. तू दारातून काय ओरडलास ते त्यांच्याजवळ राहिलंच नव्हतं. राहिला होता तो जुना जुलै, पावसाळी, थंड, ज्यात पानं काढली नाहीत तर घड कच्चे राहतात. मुलाला मदत म्हणून गेले, मन लावून काम केलं, घरी आले, आणि ते कामही डोक्यातून पुसून गेलं. नंतर भाजलेले घड बघितले तेव्हा ते खरोखर संतापले होते, आणि तू विचारलंस तेव्हा खरोखर सांगत होते. ते खोटं बोलले नाहीत, बाळा. त्यांना माहीतच नव्हतं. मी काय करणार? हाक मारून उपयोग नव्हता, ओढून आणायची ताकद नव्हती. शेवटी उठले आणि ओळीच्या दुसऱ्या टोकापासून मीही पानं काढायला लागले. संध्याकाळ झाली तेव्हा ते म्हणाले, "चल, आज पुष्कळ झालं." मग आम्ही खाली आलो.

डॉक्टरकडे नेलं. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात, बाई तरुण होत्या, बोलायला गोड होत्या. त्यांनी विचारलं, "आता महिना कुठला चाललाय?" बाबांनी खिडकीतून समोरच्या उतारावरच्या वेलींकडे बघितलं. पाण्यावाचून पानं पिवळी पडून गळायला लागली होती. म्हणाले, "ऑक्टोबर संपत आला." सप्टेंबर होता. बाईंनी काहीतरी टिपून घेतलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, हे बरोबर आहेत, असं पान इथं ऑक्टोबर संपतानाच दिसायचं, चुकलाय तो महिना. पण मग त्यांनी साल विचारलं, आणि बाबांनी तुझ्या जन्माच्याही आधीचं साल सांगितलं. मी हातातली पर्स घट्ट धरून बसले. बाई म्हणाल्या, बरं होणार नाही, जितकं सावकाश जाईल तितकं चांगलं. गोळ्या दिल्यात. त्या ते घेतात, कधी कधी दोनदा घ्यायला बघतात, म्हणून मी डबी पिठाच्या मागे लपवते.

कड्याचं काय करायचं मला कळत नाही. माथेस उत्तरेची पट्टी आनंदानं घेईन म्हणतो, बघ, आता सावली सगळ्यांना हवी. कडा कुणाला नको. कसायचा नसेल तर वेली उपटायला लागतील, नुसत्या सोडल्या तर शेजाऱ्यांच्या वेलींना रोग जातो. मी रात्रंदिवस विचार करते आणि जिथून निघाले तिथंच येते. उन्हाला मी थांबवू शकत नाही, बाबांना थांबवू शकत नाही, माझे गुडघे तर माझंच ऐकत नाहीत. तू परत येऊन हे सगळं अंगावर घे असं मी म्हणत नाही. तिकडे तुझ्या हाताला बरं काम मिळालंय, तिथल्या थंडीत वेली नीट वाढताहेत, हे तू फोनवर सांगितलंस तेव्हा तुझा आवाज किती वर्षांनी हलका वाटला. ते मोडायचं पाप मी करणार नाही. तुझ्या बाबांना मी पहिल्यांदा सांगितलं की तू स्वीडनमध्ये वेली लावतोयस, तर पोट धरून हसले. म्हणाले, "आणि त्यांना पाणी घालतं कोण, रेनडिअर?"

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. डॉक्टर बाईंनी विचारलं, मुलं किती? बाबा ताडकन म्हणाले, "एक. सेव्हरिन. तो आत्ता कावळकड्यावर आहे." रोज संध्याकाळी ते तिघांचा पाव कापतात आणि विचारतात, पोरगा कुठाय? सुरुवातीला मी खरं सांगायचे. स्वीडन ऐकून आधी हसायचे, हसू ओसरलं की त्यांचा चेहरा पडायचा, "का गेला? मी काही बोललो का त्याला?" एकदा माझा धीर सुटला आणि मी पानांचं सगळं सांगून टाकलं. त्यांनी जणू पहिल्यांदाच ऐकलं. दोन्ही हात तोंडावर धरले आणि म्हणाले, "मी? मी पोराचा कडा जाळला?" त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत. सकाळी उठले तेव्हा त्यातलं काही आठवत नव्हतं, आणि पाव कापताना पुन्हा तेच विचारलं. मला परत सांगायची हिंमत होत नाही, रे. म्हणून मी म्हणते, वर गेलाय, येईल. ते म्हणतात, बरं, काम करू दे, आणि तुझा पाव फडक्यात गुंडाळून ठेवतात. अजून त्यांना तुझा चेहरा ओळखता येतो, फोटोवर बोट ठेवून नाव सांगतात. किती दिवस येईल ते बाईंनाही सांगता आलं नाही. तू ये. राहायला नाही, एका जेवणापुरता ये. स्टेशनवर उतरून गावातून बॅग ओढत येऊ नकोस, त्यांना वाटेल पाहुणा आलाय. पठारावरून येणारी बस धर, माथ्यावर उतर, बॅग माथेसच्या वरच्या खोपटात टाक आणि कड्यावरच्या पायऱ्यांनी खाली ये, मागच्या दारानं. पानांचं काही बोलू नकोस, माफही करू नकोस, त्यांना कशाची माफी तेच कळणार नाही. नुसता हात धू आणि टेबलाशी बस. त्यांच्या लेखी तू सकाळीच वर गेलायस, आणि तुला खाली यायला जरा उशीर झालाय, एवढंच.

तुझीच,
आई